काउंटरवरची दुसरी खुर्ची

त्या दुपारी पाऊस असा काही लागला होता की लायब्ररीत सगळ्या ट्यूब लावूनही अंधारच वाटत होता. दारातल्या बादलीत तीनचार छत्र्या निथळत होत्या, सकाळी पेपर वाचायला येणारे नेहमीचे लोक जेवायला घरी गेलेले, आणि मी मागच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेले. साधारण अडीचला एक काका आले. साठीच्या आसपासचे, पॅन्ट घोट्याच्या वर दुमडलेली, हातात कसलीतरी प्लॅस्टिकची पिशवी. काउंटरवर आमची नवी मुलगी होती, चार महिन्यांपूर्वी लागलेली. काकांनी तिला विचारलं, "बाय, पूल पडलो त्या दिसाचो पेपर आसा?" आता गोव्यात म्हापशाच्या बाजूला आमच्या पिढीत कुणी नुसतं 'पूल पडला' म्हटलं की कुठला ते विचारावं लागत नाही, 1986 चा जुलै, मांडवीवरचा पूल, संपलं. पण ही मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती, तिला ते घरच्यांकडून ऐकून माहीत. तिने काकांना खुर्ची दिली, की-बोर्डवर हात ठेवले आणि अगदी सहज विचारलं, "काका, तुम्ही कुठं होतात त्या दिवशी?"

मला तो प्रश्न अनाठायी वाटला. माणूस पेपर मागतोय, तारीख ठरलेली आहे, खंड कुठल्या कपाटात आहे ते मला झोपेतसुद्धा सांगता येईल, मग गप्पा कशाला. मी उठलेच. "थांब गो, मी बघते," म्हणून आत गेले, खालच्या रॅकवरून जुलैचा बांधीव खंड दोन्ही हातांनी उचलून आणला, 5 तारखेला पूल कोसळला म्हणजे बातम्या त्याच्या पुढच्या अंकांत, पानं उलटली, स्कॅन केलं, प्रिंट काढून दिले. सात-आठ मिनिटांत काम झालं. काकांनी ते कागद हातात घेऊन बराच वेळ बघितले, मग घडी घालून पिशवीत टाकले, "देव बरें करूं" म्हणाले आणि पावसात गेले. मला बरं वाटलं, खरंच वाटलं. मग वळून बघितलं तर त्या मुलीने की-बोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले होते, एकावर एक, शाळेत बाईंनी 'हाताची घडी' म्हटल्यावर ठेवतात तसे. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "मॅडम, त्यांना बहुतेक बातमी नको होती."

मी "बरं" म्हटलं आणि लॅपटॉपकडे वळले.

लॅपटॉपवर काय होतं तेही सांगते. 12 ऑगस्टला भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीचा ग्रंथपाल दिन असतो, त्यानिमित्त एका ठिकाणी मला बोलायला बोलावलं होतं, विषय होता तरुण ग्रंथपालांचं मार्गदर्शन आणि नेतृत्वविकास. बावीस स्लाइड्स झाल्या होत्या. त्या क्षणी जी उघडी होती तिच्यावर मी स्वतः टाइप केलेलं होतं, 'नव्या सहकाऱ्याला अधिकार सोपवा'. मी ती वाचली, फॉन्ट थोडा मोठा केला, पुढच्या स्लाइडवर गेले. रात्री मात्र झोप येईना. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि डोळ्यांसमोर एकच, ते मांडीवर ठेवलेले हात.

कारण तिचा प्रश्न बरोबर होता. आमच्या धंद्यात ज्याला रेफरन्स इंटरव्ह्यू म्हणतात तो हाच. वाचक काउंटरवर येऊन जे विचारतो ते त्याला हवं असलेलं नसतं, हवं असलेल्याच्या जवळचं काहीतरी असतं. 1968 साली रॉबर्ट टेलर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्यात, आधी मनात नुसती एक अस्वस्थता असते, मग ती अर्धवट शब्दांत येते, मग नीट प्रश्न होतो, आणि शेवटी लायब्ररीवाल्यांना काय कळेल, यांच्याकडे काय मिळेल असा अंदाज घेत माणूस तो प्रश्न कापून छाटून समोर ठेवतो. आपल्याला ऐकू येतो तो हा छाटलेला. तिथून उलट्या पायऱ्या उतरत जायचं तर मोकळा प्रश्न विचारावा लागतो आणि मग गप्प बसावं लागतं. हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, दुसऱ्यांना शिकवलंसुद्धा होतं. त्या मुलीने ते केलं आणि मी मध्ये जाऊन तोडलं.

मला माझी पहिली नोकरी आठवली. जागा सांगत नाही, ते सरही आता नाहीत. सरांचं पुस्तकांवर जिवापाड प्रेम होतं यात शंका नाही. नव्या पुस्तकांची नोंद करायचं ॲक्सेशन रजिस्टर ते स्वतः लिहायचे, दुसऱ्या कुणाला पेन लावू द्यायचे नाहीत, आणि अक्षर असं की आजही ती पानं बघावीशी वाटतात. पण सगळी लायब्ररी त्यांच्या डोक्यात होती. काचेच्या कपाटांना कुलपं, किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या खिशात, कुठली किल्ली कुठल्या कपाटाची ते त्यांनाच माहीत. एखादा वाचक माझ्याशी बोलायला लागला की ते मागून "काय हवंय?" करत यायचे आणि मी आपोआप बाजूला सरकायचे. दोन वर्षं मी तिथे स्टॅम्प मारले, लेबलं चिकटवली, डेट स्लिपा लावल्या. डिवीच्या वर्गीकरणात 891.46 म्हणजे मराठी साहित्य आणि 869 म्हणजे पोर्तुगीज हे मला पाठ झालं, पण कुठलं पुस्तक घ्यायचं, कुठलं काढायचं, कुणाला नाही म्हणायचं, यातलं एकही मला कधी ठरवावं लागलं नाही. मग सर रिटायर झाले. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि उत्तरेकडच्या भिंतीतून पाणी पाझरलं. ते दरवर्षी पाझरायचं म्हणे, आणि सर दरवर्षी मे अखेर तिथली खालच्या दोन खणांतली पुस्तकं हलवायचे, मला वाटायचं साफसफाई चाललीय. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. आठ दिवसांनी वास आला म्हणून कपाट उघडलं तर साठेक पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशीची हिरवट-पांढरी लव. तो वास अजून नाकात आहे, ओल्या गोणपाटासारखा. मी त्या कपाटासमोर जमिनीवर बसून रडले होते. पुस्तकांसाठी रडले, आणि माझं वय सव्वीस, हातात मास्टर्सची डिग्री, आणि माझ्याच लायब्ररीची कुठली भिंत गळते ते मला ठाऊक नाही, याचंही.

सरांबद्दल मनात राग आहे का, तर आहे, पण नुसता राग नाही. त्यांनाही कुणी दुसऱ्या खुर्चीत बसवून शिकवलं नसणार. एकट्याने सगळं उभं केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हाताचा भरवसा वाटत नाही.

त्यानंतर मला बाई मिळाल्या. दुसऱ्या नोकरीत त्या हेड होत्या, मी त्यांना शेवटपर्यंत बाईच म्हणत आले. पहिल्या दिवशी त्यांनी मला काय शिकवलं असेल तर रॅकमधून पुस्तक कसं काढायचं ते. आपण सगळे पुस्तकाच्या डोक्यात बोट अडकवून ओढतो, त्याने कण्याचा वरचा भाग फाटतो. आजूबाजूची दोन पुस्तकं थोडी आत ढकलायची आणि मधलं कमरेला धरून बाहेर घ्यायचं. हे त्यांनी करून दाखवलं नाही, मला करायला लावलं, वीस वेळा, आणि स्वतः शेजारी हात मागे बांधून उभ्या. पावसाळ्यात रोज सकाळी दार उघडलं की "नाक वापर" म्हणायच्या. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर रेंगाळायला लागली की बुरशीला आमंत्रणच, आणि आपल्याकडे चार महिने ती त्याच्या खाली येतेय कधी, तेव्हा पंखे कुठले चालू ठेवायचे, रॅक भिंतीपासून किती लांब, कुठल्या कोपऱ्यात रोज हात फिरवायचा हे त्या नाकावर चालवायच्या. पहिल्या जूनमध्ये एका सकाळी मी म्हटलं, बाई, तिसऱ्या रॅककडे काहीतरी आहे. त्या स्वतः गेल्या नाहीत. "मग बघ," म्हणाल्या.

पण ज्या गोष्टीसाठी मी त्यांची ऋणी आहे ती वेगळीच. 2008 ची गोष्ट. स्टॉक व्हेरिफिकेशनचं काम माझ्याकडे होतं, अठराएक हजार पुस्तकं, महिनाभर धूळ आणि शिंका, आणि शेवटी 23 पुस्तकं सापडेनात. मी तीन दिवस जेवले नाही नीट. आपल्याकडे पुस्तक हरवलं की ग्रंथपालाच्या पगारातून जाणार ही भीती इतकी मुरलेली आहे की कित्येक ठिकाणी त्या भीतीपायीच कपाटांना कुलपं आहेत. मी बाईंना म्हटलं, आपणही कुलपं लावूया. बाईंनी कपाटातून केंद्र सरकारच्या जनरल फायनान्शियल रूल्सचं पुस्तक काढलं, 2005 चं, 194 वा नियम उघडला आणि म्हणाल्या, मोठ्याने वाच. त्यात स्पष्ट आहे की वर्षभरात जेवढी पुस्तकं वाचकांच्या हातात जातात त्यातली हजारी पाच गहाळ झाली तर ते स्वाभाविक धरावं, निष्काळजीपणा किंवा अप्रामाणिकपणा नसेल तर. हजार रुपयांच्या वरचं पुस्तक आणि दुर्मीळ पुस्तक असेल तर मात्र चौकशी झालीच पाहिजे. (2017 च्या नव्या नियमांत हाच 215 वा झालाय, तरुण मंडळींनी एकदा वाचावा.) आम्हाला तो अक्षरशः लागू होता असं नाही, पण ऑडिटवाले त्याच्याकडेच बघतात. आमची वर्षाची देवघेव 9000 च्या आसपास, म्हणजे 45 पर्यंत चालण्यासारखं होतं, आणि गेलेली 23, त्यात महागडं किंवा दुर्मीळ एकही नाही. बाई म्हणाल्या, आता कमिटीला नोट तू लिही. लिहिली. मीटिंगमध्ये एका सभासदाने आवाज चढवून विचारलं तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ती सांगेल." माझा आवाज इतका कापत होता की मलाच ऐकू येत होता, पण सांगितलं, नियम सांगितला, आकडा सांगितला, आणि वर हेही म्हटलं की कुलपं लावणार नाही, उलट कथा-कादंबऱ्यांची कपाटं उघडी करायची आहेत. हे शेवटचं आधी ठरलेलं नव्हतं. ते माझ्या तोंडून कसं गेलं मला माहीत नाही. बाईंनी नुसती मान हलवली.

माझी चूकही त्यांनी तशीच झेलली. एकदा खरेदी माझ्याकडे सोपवली होती आणि मी कॅटलॉग नीट न बघता जवळजवळ चौदा हजारांची पुस्तकं मागवली, त्यातली निम्मी आमच्याकडे आधीच होती, नाव तेच, फक्त कव्हर बदललेलं. वरून विचारणा झाली तेव्हा बाईंनी उत्तरात लिहिलं, लायब्ररीचा निर्णय होता. माझं नाव कुठेच नाही. मग दार लावून मला विचारलं, "आता काय करशील?" त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं होतं. मी दोन आठवडे फिरून त्या जादा प्रती खेड्यांतल्या तीन वाचनालयांना पोचवल्या, रीतसर मंजुरी घेऊन, आणि त्या फिरण्यात ज्या ओळखी झाल्या त्या आजही कामाला येतात.

एकदा आम्ही दोघी कदंबच्या बसने पणजीला सेंट्रल लायब्ररीत गेलो होतो, ती तेव्हा आझाद मैदानाजवळच्या जुन्या इमारतीत होती, पाटोवरची नवी इमारत अजून व्हायची होती. 1832 सालची लायब्ररी, मला आत जायची घाई. बाई मात्र दारातल्या निळ्या अझुलेजुंसमोर थांबल्या, बोटाने हवेतच त्या टाइल्सवरच्या रेघा गिरवत, आणि मीही थांबले. आत गेल्यावर काउंटरवरच्या माणसांना त्यांनी माझी ओळख करून दिली, "ह्या आमच्या ग्रंथपाल." मी तेव्हा असिस्टंट होते, पगार तोच, पोस्ट तीच. आणि 'ह्या' म्हणाल्या, 'ही' नाही. येताना बसमध्ये मी खिडकीतून बाहेर बघत बसले, बोलता येईना.

रंगनाथनांचं सगळे पाच सूत्रं सांगतात, दर 12 ऑगस्टला फळ्यावर लिहिली जातात, पुस्तकं वापरासाठी आहेत वगैरे. मला त्यांच्या आयुष्यातला त्याआधीचा भाग जास्त जवळचा वाटतो. गणिताचा मास्तर माणूस, 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला, आणि काही दिवसांतच कंटाळून परत शिकवायला जाऊ द्या म्हणून मागे लागला. दिवसभर एकटं बसायचं, करायला काही नाही, कोण येतंय. तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की आधी लंडनला जाऊन या, मग वाटलंच तर तुमची जुनी जागा आहे. तिथे त्यांना बर्विक सेअर्स भेटले, शिकवायचेही आणि क्रॉयडनची सार्वजनिक लायब्ररीही चालवायचे. तिथली लायब्ररी बघून, मुलं येतात, कामगार येतात, लोक स्वतः रॅकपाशी जाऊन पुस्तकं काढतात हे बघून त्या माणसाच्या डोक्यात दिवा लागला. पळून जायला निघालेला माणूस परत आला तो आयुष्यभरासाठी. सूत्रं 1931 ची. त्याच्या आधी कुणीतरी एकाने त्यांच्यासाठी आपल्या लायब्ररीचं दार उघडं ठेवलं होतं, हे मला दर वर्षी फळ्यावरची पाच वाक्यं बघताना आठवतं.

आज आमच्याकडे जी मुलंमुली लायब्ररी सायन्स करून बाहेर पडतात त्यांना काय मिळतं? बऱ्याच जणांना शाळेत नाहीतर कॉलेजात नोकरी लागते आणि पहिल्याच दिवशी तीच एकटी ग्रंथपाल असते. मदतीला एखादा अटेंडंट, तोही अर्धा वेळ ऑफिसात. पंचवीस वर्षांची मुलगी, सोमवारी जॉइन झाली आणि सोमवारीच डिपार्टमेंटची प्रमुख. रात्री दहाला मला मेसेज येतात. डिवीचा नंबर कुठला द्यायचा असं कुणी विचारत नाही, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. विचारतात काय, तर मॅडम, आमच्याकडे वाचनकक्ष दर परीक्षेला ब्लॉक म्हणून घेतात, नाही कसं म्हणू. मॅडम, सप्लायर स्वतःच तीन कोटेशन्स आणून देतो, तिन्ही त्याचीच, मी काय करू. मॅडम, नॅकच्या मूल्यांकनासाठी गेल्या पाच वर्षांचे आकडे मागितलेत आणि माझ्या आधीच्यांनी काही ठेवलेलंच नाही. मॅडम, मी कॉन्ट्रॅक्टवर आहे, बोलले तर पुढच्या वर्षी ठेवतील का. या शेवटच्या प्रश्नावर माझ्याकडे शहाणपणाचं काही नसतं. ज्याची नोकरी दर वर्षी नव्याने ठरते त्याला धीट हो म्हणून सांगणं मला बरोबर वाटत नाही. तिथे धीट व्हायचं ते आमच्यासारख्या पर्मनंट लोकांनी.

वर्कशॉप होतात, नाही असं नाही. फोल्डर, पेन, उद्घाटन, सर्टिफिकेट. मी त्यांना नावं ठेवत नाही, पण आजवर जेवढ्यांना गेले त्यात मला उपयोग झाला तो चहाच्या वेळी, जेव्हा कुणीतरी बाजूला घेऊन सांगितलं की तुझी ती अडचण मलाही आली होती, मी असं केलं, आणि ते फसलं, मग असं केलं. मला मनापासून वाटतं की त्यापेक्षा नव्या माणसाला एक आठवडा दुसऱ्याच्या लायब्ररीत पाठवावं. पेडण्यातल्या मुलीने आठ दिवस फोंड्यात बसावं, नुसतं बघावं, तिथली माणसं वरिष्ठांशी कशी बोलतात, रागावलेल्या वाचकाला कसं शांत करतात, संध्याकाळी बंद करताना काय तपासतात. गोवा केवढासा, सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं.

आणि मी? मी मध्ये का गेले त्या दुपारी? याचं उत्तर मला दोन रात्री शोधावं लागलं. तो खंड जुना आहे, कडा बिस्किटासारख्या तुटतात, तिच्या हातून फाटेल ही एक भीती. पण तेवढंच नाही. मला माहीत आहे असं दाखवता येणं मला आवडतं. कुणीतरी काही विचारावं आणि माझे पाय बरोबर त्या रॅककडे वळावेत, यात वीस वर्षांचं काहीतरी आहे, ते सोडवत नाही. सरांच्या खिशातल्या किल्ल्या मला तेव्हा दिसायच्या, माझ्या मला दिसल्या नव्हत्या.

त्यात आणखी एक गोष्ट आठवून जास्तच वाईट वाटलं. जून महिन्यात याच मुलीने मला कोहा शिकवलं होतं. म्हणजे सॉफ्टवेअर आमच्याकडे होतंच, न्यूझीलंडमधल्या एका लहानशा लायब्ररी ट्रस्टने बनवून घेतलेलं, तिथे ते जानेवारी 2000 पासून चालू झालं आणि जगाला फुकट दिलं, कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट, आणि त्या भेटीत परतफेडीची जाणीवही धरलेली असते म्हणे. मी त्यात देवघेव करायचे तेवढंच. दहा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेल्या पुस्तकांची यादी हवी असेल तर मी रॅकपाशी उभी राहून डेट स्लिपा बघत हाताने लिहून काढायचे, आणि ती म्हणाली मॅडम, याचा रिपोर्ट निघतो. मी म्हटलं, काढून दे. तर ती आपल्या खुर्चीवरून उठली, मला तिथे बसवलं आणि म्हणाली, "तुम्हीच करा ना मॅडम, मी आहे इथं." चार वेळा चुकले. माउस घ्यायला तिचा हात एकदाही पुढे आला नाही. पाचव्यांदा यादी आली, 1140 पुस्तकं, आणि आम्ही दोघी हसलो.

तिला हे कुणी शिकवलं असेल? मी तरी नव्हतं.

12 तारखेला मी बोलायला गेले. हॉलमध्ये चाळीसेक जण, बहुतेक सगळे तिशीच्या आतले, आणि ही मुलगीही दुसऱ्या रांगेत. स्लाइड्स लावल्या, सहाव्या-सातव्यापर्यंत गेले, मग पुढे जाववेना. प्रोजेक्टर तसाच ठेवला आणि पुलाची गोष्ट सांगितली, जशी घडली तशी, तिचं नाव न घेता. तिने खाली बघितलं. मी म्हटलं की काउंटरवर दोन खुर्च्या असाव्यात आणि जुन्या माणसाने बाजूच्या खुर्चीत बसायला शिकावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मागून एक मुलगी उठली, काणकोणच्या बाजूची असावी बोलण्यावरून, म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणता ते पटतं, पण आमच्याकडे दुसरी खुर्चीच नाही." हॉल गप्प झाला. मी माइक हातात धरून उभी होते. शेवटी एवढंच म्हटलं, मग मी येते तुमच्याकडे, एक दिवस बसते, चालेल? ती म्हणाली चालेल. जेवणाच्या वेळी तिने नंबर घेतला, आणि तिच्या मागे आणखी तिघी उभ्या राहिल्या. सप्टेंबरातले दोन शनिवार मी त्यात दिलेत. पुढे किती जमेल माहीत नाही, घरी सासूबाई अंथरुणाला आहेत. पण काणकोणला जाऊन आले, आणि तिथल्या भिंतीलाही एका कोपऱ्यात ओल आहे, तिला ती माहीत होती.

चवथीच्या आदल्या आठवड्यात काका परत आले. बाजारात गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाची गर्दी, आमच्याकडे सगळं शांत. मी काउंटरवरच होते, ती शेजारी. त्यांना दारातून येताना बघितलं आणि माझे पाय उठायला लागले, सवय. मी उठलेही, पण "आत जरा काम आहे" म्हणून दोन रॅकच्या मधे जाऊन उभी राहिले. तिथून दिसत काही नाही, ऐकू सगळं येतं. काका म्हणाले, ते कागद होते ते बरे होते, पण. आणि थांबले. मी असते तर त्या 'पण'च्या पुढचं वाक्य मीच पूर्ण केलं असतं. ती काही बोलली नाही. पंख्याचा आवाज येत होता. किती वेळ गेला कोण जाणे, मग काका स्वतःहून बोलायला लागले. पूल पडल्यावर बेतीच्या फेरीबोटीवर माणसं वाढवली तेव्हा ते खलाशी म्हणून लागले होते. गर्दी काय होती ती, स्कूटरी, माणसं, मासळीच्या पाट्या, सगळं एकात एक. त्या दिवसांत कधीतरी पेपरात एक फोटो आला होता, फेरीबोट धक्क्याला लागतेय आणि पुढे दोर हातात घेऊन एक पोरगा उभा आहे, तो पोरगा म्हणजे ते. आईने तो कापून देवाच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावला होता. घर गळलं, फ्रेममध्ये पाणी गेलं. आई गेली त्याला आता बारा वर्षं झाली. कुठल्या महिन्यातला पेपर, कुठला पेपर, काहीच आठवत नाही, म्हणून पूल पडला तो दिवस सांगितला, तेवढाच पक्का माहीत होता.

ती म्हणाली, "काका, ऊन होतं का हो त्या फोटोत, की पाऊस?"

हा प्रश्न मला सुचला नसता. काका विचार करत राहिले, मग म्हणाले, ऊन. सावली होती दोराची. म्हणजे जुलै-ऑगस्ट बहुतेक नाहीच, तिने तिथल्या तिथे ऑक्टोबरपासून पुढचे खंड बघायचे ठरवले. आत आली, मला रॅकमधे उभी बघून थबकली, काही बोलली नाही. आडव्या ठेवलेल्या त्या जड खंडाखाली दोन्ही तळहात पूर्ण घालून, अंगाशी धरून तो घेऊन गेली. दुपारभर दोघं पानं उलटत होती, ती उलटायची, काका बघायचे. ऑक्टोबर झाला, नोव्हेंबर निम्मा झाला, फोटो नाही. काका म्हणाले, उद्या येतो.

साडेपाचला ती माझ्याकडे आली. आमच्याकडे नियम आहे, मीच केलेला, बांधीव खंड संध्याकाळी बंद करण्याआधी जागेवर गेला पाहिजे. म्हणाली, "मॅडम, हा रोज उचलून ठेवला-काढला तर कडा जास्त तुटतील. टेबलावरच ठेवू का दोनतीन दिवस?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "ठेवते."

तिने स्वच्छ पांढरं कापड आणून खंडावर घातलं, चारी बाजूंनी खोचलं, वर चिठ्ठी ठेवली, 'काम चालू आहे, हलवू नये', खाली आपली सही. ती बससाठी पुढे गेली. मी दिवे मालवत मालवत त्या टेबलापाशी आले. कापडाची एक कड सुटली होती. हात पुढे गेला होता, तो मागे घेतला आणि दार ओढून कुलूप लावलं.